आंबलेला मध

गौरी-गणपती उरकले की जावळीतल्या आमच्या घरी पोटमाळा काढायचा कार्यक्रम असतो. पावसाळाभर वर कोंबलेलं सगळं खाली अंगणात येतं. घोंगड्या, सुपं, जुनी पोती, आणि मधाच्या पेट्यांच्या रिकाम्या चौकटी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हे काम माझ्या वाट्याला आलं. चौकटींचा गठ्ठा जुन्या धोतरात बांधलेला होता. गाठ सोडली आणि आत जे दिसलं त्याला पोळं म्हणायला जीभ धजेना. पांढरट चिवट जाळं, त्यात खसखशीएवढे काळे दाणे, आणि जाळ्याच्या बोगद्यांतून ये-जा करणाऱ्या पिठूळ रंगाच्या अळ्या. एकीला चिमटीत धरायला गेले तर ती जितक्या जोरात पुढे पळत होती तितक्याच जोरात मागे सरकली.

सासरे पायरीवर बसून बघत होते. घरात सगळे त्यांना दादाच म्हणतात, मीही.

"मेणकिडा," ते म्हणाले. "चौकट खरवड आणि काय निघेल ते चुलीत घाल."

खरवडताना लाकडात बोट अडकलं. चौकटीच्या पट्टीवर होडीच्या आकाराचे खड्डे पडले होते, एकाशेजारी एक, कुणी पटाशीने कोरल्यासारखे. कोष करायच्या आधी अळी लाकूड कुरतडून आपल्यापुरती जागा करते. मेण खाणारा किडा सागाच्या पट्टीला दात लावतो हे मला तेव्हा कळलं. चूल त्या दिवशी फार छान पेटली. मेणच ते.

आमच्याकडे सातेरी माश्या आहेत. सहा-सात पेट्या, कधी पाच. महाबळेश्वराच्या आसपास ज्यांनी या पेट्या सांभाळल्या आहेत त्यांना सातेरीचा स्वभाव सांगायला नको. माशी गरीब, डोंगराची सवय असलेली, पण मानी. घरात काही बिघडलं की भांडत बसत नाही, सगळा कबिला उचलून निघून जाते. जून ते सप्टेंबर फूल नाही, बाहेर धो धो पाऊस, आत साठा उतरत चाललेला. माश्या कमी झाल्या की पेटीतली सगळी पोळी त्यांच्याने झाकली जात नाहीत. ज्या पोळ्यावर माशी बसलेली नाही, त्यावर रात्री मेणकिड्याची पतंग येऊन बसते.

पतंग दिसायला अगदी क्षुल्लक. राखाडी, झाडाच्या सालीसारखी. तिला धड तोंडही नसतं, म्हणजे मोठेपणी ती काही खातच नाही. फटीत शेकड्यांनी अंडी घालते आणि मरते. खायचं सगळं काम अळीचं. आणि तिला नुसतं मेण दिलं तर तीही नीट वाढत नाही. तिला हवं असतं काळं पडलेलं जुनं पोळं, ज्याच्या घरांत माश्यांच्या कित्येक पिढ्या वाढल्या, ज्यात त्यांच्या काती आणि परागकण चिकटून राहिलेत. म्हणजे आमच्या धोतरातला गठ्ठा. आम्ही तिच्यासाठी चार महिन्यांचं ताट वाढून, अंधार करून, वर झाकून ठेवलं होतं.

हे सगळं त्या वेळी मला माहीत नव्हतं. मला एवढंच वाटलं की या अळ्या किती गलेलठ्ठ आहेत.

त्यांची किंमत मला कळली ती मामाच्या फोनवरून. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णेकाठचं. तिकडे ऊस. आणि ऊस म्हटला की हुमणी. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात आणि पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात. पुढे त्या अळ्या मुळं खातात. ऊस वरून पिवळा पडतो, धरून ओढला की मुळ्याच नसलेल्या काठीसारखा हातात येतो. मामा दरवर्षी औषधाची आळवणी करायचा, तरी दरवर्षी दोन-चार सऱ्या जायच्याच. त्या वर्षी कुणीतरी त्याला सूत्रकृमींबद्दल सांगितलं होतं. डोळ्यांना न दिसणारे जंत, पाण्यातून जमिनीत सोडायचे, ते हुमणीच्या अंगात घुसतात आणि तिला मारतात. मामाने माहिती काढली आणि मला विचारलं,

"पोरी, ते जंत म्हणे मधमाशीच्या कुठल्याशा किड्यावर वाढवतात. तुमच्याकडं आहे का असला किडा?"

मी चुलीकडे बघितलं.

खरं सांगायचं तर माझा विश्वास बसला नाही. म्हणून शोधायला लागले आणि शोधता शोधता अडकले. कीटकांना मारणारे सूत्रकृमी जिथे जिथे अभ्यासले जातात, तिथे त्यांना वाढवायला पहिली निवड मेणकिड्याची. अळी मऊ, मोठी, तिला प्रतिकार फारसा जमत नाही, आणि वर्षभर पाळता येते. १९७५ पासून तर जमिनीत हे सूत्रकृमी आहेत की नाहीत हे बघायलाही मेणकिडाच वापरतात. मातीच्या डब्यात चार अळ्या ठेवायच्या, आठवड्याने बघायचं. मेल्या असतील तर जमिनीत कुणीतरी आहे. आपल्याकडची जी जात हुमणीवर वापरतात, हेटेरोरॅब्डायटिस इंडिका, ती कोइम्बतूरच्या ऊसपट्ट्यात सापडली आणि १९९२ साली तिला नाव मिळालं. इंडिका हे नाव म्हणून. बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने तिची भुकटीही तयार केली आहे.

आणि प्रयोगशाळांत या मेणकिड्याला खायला काय घालतात? कोंडा, मक्याचं पीठ, दुधाची पावडर, यीस्ट, ग्लिसरीन आणि मध. मध! आम्ही ज्याला चुलीत घालत होतो त्याला ते लोक मध चारत होते.

कृषी महाविद्यालयात शिकलेली माझी एक मैत्रीण आहे. तिने स्पंजच्या तुकड्यात भिजवलेले सूत्रकृमी एका छोट्या डबीत पाठवले. दिसायला काहीच नाही, ओला स्पंज. पिळून काचेच्या बशीत दोन चमचे पाणी काढलं, खाली काळा कागद ठेवला, दिवा तिरका धरला आणि भिंगातून बघितलं. पाणी वळवळत होतं. अर्धा मिलिमीटर लांबीचे, केसाच्या तुकड्यासारखे असंख्य जीव, प्रत्येक जण इंग्रजी एस काढत आणि मोडत चाललेला.

पुढची कृती इतकी साधी आहे की तिला प्रयोग म्हणायला मला संकोच वाटतो. मिठाईचा चपटा डबा घेतला. तळाला टीपकागद. त्यावर सूत्रकृमींचं चमचाभर पाणी, ओल राहील एवढंच, डबकं होऊ द्यायचं नाही. वर दहा-बारा मोठ्या अळ्या सोडल्या आणि झाकण लावून फडताळात ठेवलं. एका अळीमागे शंभर-दोनशे जंत पुरतात. ते तोंडावाटे, गुदद्वारावाटे, अंगावरच्या श्वासाच्या छिद्रांतून आत जातात. त्यांच्या आतड्यात एक जिवाणू असतो, फोटोरॅब्डस. अळीच्या रक्तात पोचले की ते हा जिवाणू सोडतात आणि मारायचं काम खरं तर तो करतो. दोन दिवसांत अळी मेली.

दोन दिवसांनी डबा उघडला तेव्हा मी नाक धरूनच उघडला होता. बारा मेलेल्या अळ्या, बंद डबा, ऑक्टोबरचा उकाडा. पण वास आला नाही. अळ्या विटकरी रंगाच्या झाल्या होत्या, अगदी भाजलेल्या कौलाचा रंग. कुजल्या नव्हत्या, चिकट झाल्या नव्हत्या, नीट लांबोडक्या पडल्या होत्या. त्या जिवाणूचीच ही करामत. तो दुसऱ्या कुठल्याच जंतूला मढ्यावर बसू देत नाही, त्यांना मारणारी रसायनं सोडतो. घर आपल्या जंतांसाठी राखून ठेवतो.

एक अळी मात्र काळी पडली होती आणि तिला घाणेरडा वास येत होता. मैत्रिणीने फोनवर सांगितलं, ती फेकून दे, तिच्यात दुसराच कुणीतरी शिरलाय.

हा रंग आणि हा वास यांच्याकडे मला पुन्हा यायचं आहे, आधी त्या रात्रीचं सांगते. फोटोरॅब्डस अंधारात उजळतो असं वाचलं होतं. आमच्याकडे रात्री वीज जाते, तेव्हा अंधाराची कमतरता नाही. मी डबा घेऊन न्हाणीघरात जाऊन बसले. पाच मिनिटं काहीच नाही. दहा मिनिटं काहीच नाही. बाहेरून सासूबाईंनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाहीये का. पंधराएक मिनिटांनी, डोळे अंधाराला सरावल्यावर, डबा जिथे होता तिथे अंधार थोडा कमी काळा वाटायला लागला. थेट बघितलं की नाहीसं व्हायचं, किंचित बाजूला बघितलं की दिसायचं. काजव्याशी तुलना करावी एवढंही नव्हतं. मी दादांना बोलावलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि "दिसत नाही काही" म्हणाले. मोतीबिंदू आहे त्यांना. तरी सकाळी शेजाऱ्यांना सांगताना मी ऐकलं, "रात्री उजेड पडतो म्हणे त्यातून."

पाचव्या दिवशी अळ्या दुसऱ्या मांडणीत हलवल्या. परातीत बोटाच्या पेराएवढं पाणी, मध्ये पालथी बशी, बशीवर कागद असा की त्याच्या कडा पाण्यात लोंबतील. कागदावर अळ्या. हिला व्हाइट सापळा म्हणतात. पांढरा म्हणून व्हाइट नाही, १९२७ साली ज्याने ही युक्ती काढली त्याचं आडनाव व्हाइट. शंभर वर्षं होत आली, अजून कुणाला याहून स्वस्त काही सुचलेलं नाही. अळीतलं अन्न संपलं की नव्या पिढीचे जंत बाहेर पडतात, ओल्या कागदावरून सरकत पाण्यात येतात. लागण झाल्यापासून दहाव्या-बाराव्या दिवशी परातीतलं पाणी निवळीच्या ताकासारखं गढूळ दिसायला लागलं. ते गढूळपण म्हणजे जंत. एका चांगल्या अळीतून लाख-दोन लाख निघतात. हेटेरोरॅब्डायटिसची आत शिरलेली पहिली पिढी उभयलिंगी होते, त्यामुळे एकटा जरी आत पोचला तरी त्याचा संसार होतो. मला हे फार आवडलं.

मग मी ती चूक केली जी बहुतेक सगळे करत असावेत. पाणी स्वच्छ बाटलीत भरलं, झाकण घट्ट लावलं आणि दुधाच्या पिशवीशेजारी फ्रीजमध्ये ठेवलं. मामा रविवारी येणार होता. रविवारी बाटली काढली, थेंब काचेवर घेतला. सगळे सरळ. मेलेला सूत्रकृमी सुईसारखा सरळ पडतो. भिंगाखाली नुसता काड्यांचा ढीग दिसत होता. इंडिका ही उष्ण प्रदेशातली जात, तिला फ्रीजमधली पाच-सहा अंशांची थंडी झेपत नाही, पंधरा अंशांच्या आसपास बरी राहते. आणि बाटलीत तळाशी एकमेकांवर साचून त्यांचा श्वासही कोंडतो. पातळ थरात, उघड्या हवेत ठेवायचे असतात. मामा वाळव्याहून चार तास गाडीवर आला होता. त्याला चहा पाजून, दोन बरण्या लोणचं देऊन परत पाठवला.

दुसऱ्या खेपेला पसरट ताटात, वर मलमल बांधून, माठाच्या तिवईखाली ठेवले. माठ पाझरतो, खाली गारवा असतो, पण बोचरी थंडी नसते. दोन आठवडे छान राहिले. फ्रीजपेक्षा माठ सरस ठरला, याचा सासूबाईंना माझ्याहून जास्त आनंद झाला.

आता स्वस्ताईचा हिशेब. एका हेक्टरला साधारण अडीचशे कोटी सूत्रकृमी सोडायचे अशी शिफारस असते, म्हणजे एकराला शंभर कोटी. आकडा ऐकून छाती दडपते. एका अळीचे लाख-दोन लाख धरले तर एकराला पाच ते दहा हजार अळ्या लागतील. आमच्या सहा पेट्यांच्या खराब चौकटींतून चारशे-पाचशे मोठ्या अळ्या निघतात, त्याही नीट वेचल्या तर. म्हणजे दोन गुंठे. जास्तीत जास्त चार. चार गुंठ्यांवर एकराचं पोट भरत नाही हे मामाला पाठ आहे. पण हुमणीही सगळ्या एकरात सारखी पसरत नाही. बांधाकडेच्या सऱ्यांत, झाडाजवळ, भुंगेरे जिथे उतरतात तिथे ती आधी दिसते. मामाने ते चार गुंठे बरोबर निवडले. पाणी दिल्यावर, सूर्य कलल्यावर, ओल्या जमिनीत, कारण उन्हात हे जीव तग धरत नाहीत. लहान अळ्या असतानाच, कारण मोठी हुमणी सहज मरत नाही. महिन्याने त्याने मुळाशी उकरलं तर हुमणी सापडल्या. काही पांढऱ्या, जिवंत, कोशिंबिरीतल्या काकडीसारख्या टवटवीत. काही विटकरी. विटकरी हुमणीचा फोटो त्याने मला पाठवला आणि खाली लिहिलं, "आपलीच काय ही?"

त्या चार गुंठ्यांत आळवणीचं औषध पडलं नाही, हा माझा स्वार्थ. हुमणीसाठी जी औषधं मुळाशी ओततात त्यांतली काही माशीला थेंबभरानेही मारतात. ऊस माशीच्या कामाचा नाही, पण उसाच्या बांधावरचं तण, शेजारचं सूर्यफूल, पाटाचं पाणी हे सगळं तिच्या कामाचं आहे. आमच्या सातेऱ्या काही जावळीतून वाळव्याला जात नाहीत. तिकडे मेलीफेराच्या, म्हणजे परदेशी मधमाशीच्या, पेट्या घेऊन फिरणारे लोक येतात. त्यांच्यातला कुणी मला ओळखत नाही आणि ओळखायचं कारणही नाही.

मग मला विचारतात, पेटीतच का नाही फवारत, मेणकिड्यावरच? मीही हाच प्रश्न विचारला होता. सूत्रकृमीला पोहायला पाण्याची पातळ साय लागते, पोळ्यावर ती नसते. शिवाय थेट अंगावर पडले तर माशीलाही लागण होऊ शकते असं प्रयोगांत दिसलंय. पेटीच्या बाबतीत त्यांची जागा पेटीखालच्या मातीत आहे, आणि ती गरज दुसऱ्या देशांत जास्त आहे. आफ्रिकेतून १९९०च्या दशकात अमेरिकेत पोचलेला एक छोटा काळा भुंगा, त्याच्या अळ्या मध खाऊन, नासवून, पेटीतून बाहेर पडतात आणि कोष करायला जमिनीत शिरतात. फ्लोरिडातले मधपाळ त्यांना तिथे गाठतात, याच इंडिकाने. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी तर २०१० साली जंतांची लागण झालेली अख्खी मेलेली अळी चिकटपट्टीत गुंडाळून जमिनीत ठेवायची युक्ती करून पाहिली होती. पाणी काढा, गाळा, साठवा ही यातायातच नको. ते वाचून मीही मामाला पुढच्या वेळी परातीतलं पाणी देण्याऐवजी विटकरी अळ्याच ओल्या भुशात घालून दिल्या. एसटीच्या धक्क्यात सहा फुटल्या, बाकी पोचल्या.

पेटीतल्या मेणकिड्याला मारायला एक जिवाणू आहे, बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ साली जपानमध्ये रेशमाच्या किड्यांत सापडला, १९११ साली जर्मनीत पिठाच्या पतंगात, आणि थुरिंजिया प्रांताचं नाव घेऊन बसला. त्याची आयझावाई नावाची उपजात रिकाम्या पोळ्यांवर फवारून ठेवतात. अळीने पोळं खाल्लं की पोटात विष तयार होतं. माशीला काही होत नाही. चांगली गोष्ट आहे. पण इथे मला एक भीती आहे आणि ती मी उघड बोलते. हल्ली बादलीत गूळ-बेसन घालून सगळं काही "घरच्या घरी" वाढवायची लाट आहे. बीटीचा सख्खा चुलतभाऊ बॅसिलस सेरिअस, शिळ्या भातातून पोट बिघडवणारा. दोघे इतके सारखे की बादलीत कोण वाढलंय हे नुसतं बघून सांगता येत नाही. ती बादली मी पोळ्यावर, ज्यात उद्या मध भरायचाय अशा पोळ्यावर, ओतणार नाही.

बुरशीचंही तेच. हुमणीसाठी मेटारायझियम तांदळावर वाढवणारे शेतकरी आता गावोगावी आहेत. आणि वॉशिंग्टन राज्य विद्यापीठातल्या लोकांनी २०२१ साली प्रसिद्ध केलं की त्यांनी याच कुळातली बुरशी पिढ्यान्‌पिढ्या निवडून पेटीच्या पस्तीस अंश उबेला सरावेल अशी केली, आणि ती माशीवरच्या व्हरोआ गोचिडीला मारते. हे वाचून मी उत्साहाने कुकरमध्ये तांदूळ उकडून पिशवीत मेटारायझियम लावलं होतं. आठ दिवसांत सुरेख हिरवी पूड. मैत्रिणीला दाखवली. ती म्हणाली, हिरवी आहे, पण हे मेटारायझियम नाही. ट्रायकोडर्मा असेल, नाहीतर भाकरीवरची कुठलीतरी. हिरव्या रंगाचे किती प्रकार असतात याची मला साड्यांच्या दुकानाबाहेर कल्पना नव्हती. शिवाय शेतातली बुरशी पेटीच्या उबेत टिकत नाही, म्हणून तर त्या लोकांना निवड करावी लागली. आणि सातेरीला व्हरोआचा तसा जाच नाही. ती गोचीड मुळात तिच्याच अंगावरची, दोघींचं जुनं जमलेलं आहे. सातेरी तिला ओरबाडून काढते, आणि गोचिडीची वीण नरांच्या घरांपुरती राहते. तेव्हा तो नाद सोडला.

आता त्या रंगाकडे आणि वासाकडे येते. घरगुती जैविक कीडनाशक स्वस्त पडतं असं म्हणतात तेव्हा साहित्याची किंमत सांगतात. कोंडा इतका, गूळ इतका. बिघडलेला घाणा ओळखायला काय खर्च येतो हे कुणी सांगत नाही. बीटीच्या बादलीला तो खर्च प्रयोगशाळेचा आहे. माझ्या विटकरी अळ्यांना तो शून्य आहे. बिघडली की ती काळी पडते आणि घाण वास मारते, सासूबाईंना स्वयंपाकघरातूनच कळतं. जंत जिवंत आहेत की मेलेत हे चाळीस रुपयांच्या भिंगातून दिसतं. आणि ते कामाचे आहेत का हे बघायचं तर आणखी चार अळ्या टाका, दोन दिवस थांबा. माझ्यासारख्या बाईला परवडेल अशी ही एकच पद्धत मला सापडली आहे.

मेणकिड्याबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. स्पेनमधल्या एका संशोधक बाईंनी, ज्या हौसेने मधमाश्या पाळतात, आपल्या पेटीतले मेणकिडे काढून प्लास्टिकच्या पिशवीत टाकले. थोड्या वेळाने बघतात तर पिशवीला भोकं. त्यावर मोठं संशोधन उभं राहिलं, ते २०१७ साली प्रसिद्ध झालं. आमच्याकडेही अळ्या कॅरीबॅगमधून निघून न्हाणीघरात, तिथून देवघरात गेल्या होत्या, पण मी तेव्हा फक्त बोलणी खाल्ली.

तीन वर्षं हे असं चाललं. आणि या तीन वर्षांत आमच्या पेट्यांत एक बदल होत गेला जो माझ्या लक्षात फार उशिरा आला. अळ्या वेचायच्या म्हणून मी दर पंधरा दिवसांनी पेट्या उघडायला लागले, भर पावसातही, छत्री धरून. तळपाट साफ करायला लागले, कारण पहिल्या बारीक अळ्या तिथल्या चुऱ्यात सापडतात. माश्यांनी न झाकलेली काळी पोळी काढून घ्यायला लागले, कारण तेच माझ्या अळ्यांचं खाद्य. रिकाम्या चौकटी धोतरात न बांधता पडवीत उजेडात, वारं लागेल अशा टांगल्या. चांगल्या पोळ्यांच्या चौकटी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग बंद केल्या, कारण बर्फात अंडीसुद्धा मरतात. दादा पावसात साखरेचा पाक ठेवू लागले. गेल्या दोन पावसाळ्यांत आमची एकही वसाहत पळून गेली नाही.

या वर्षी गणपतीनंतर पोटमाळा उघडला. मामाचा फोन येऊन गेला होता, या खेपेला शेजाऱ्यालाही हवंय, दहा गुंठ्यांचं कर. मी सगळ्या चौकटी पालथ्या घातल्या, पेट्यांचे तळपाट झाडले, फटी कोरल्या. एकूण सदतीस अळ्या. त्यातल्या अकरा बारक्या.

पलीकडच्या वाडीतल्या एका मधपाळ काकांकडे गेले. म्हटलं, "काका, मेणकिडा असला तर द्या ना थोडा." त्यांनी आधी माझ्याकडे, मग दादांकडे बघितलं. दादा म्हणाले, "तिला पाहिजे असतो." काकांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांच्याकडेही नव्हता. निदान तसं ते म्हणाले. कुठला मधपाळ कबूल करेल?

म्हणजे आता पाळणं आलं. सदतीसमधल्या वीस मोठ्या बाजूला काढून पतंग होऊ द्यायच्या, अंडी धरायची, आणि खायला घालायचं. पत्र्याचा डबा धुऊन घेतला, झाकणाला बारीक तारेची जाळी बसवली. कोंडा चाळला. मक्याचं पीठ गिरणीतून आणलं. यीस्ट आणि दुधाची पावडर वाईला मिळाली, ग्लिसरीन औषधाच्या दुकानात. ओट्यावर परात घेऊन सगळं एकत्र केलं आणि फडताळातून जांभूळ मधाची बाटली काढली. आमच्याकडचा सगळ्यात चांगला मध तो, किंचित कडवट, गडद. झाकण फिरवलं.

दादा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. आत माजघरात गेले, बराच वेळ खुडबूड ऐकू आली. मग एक जुनी बरणी घेऊन आले, फडकं बांधलेली, आतला मध पातळ होऊन वर फेस आलेला. दोन वर्षांपूर्वी घाईने कच्चा काढला होता तो.

"हा घे," म्हणाले. "आंबलाय. चांगल्यातला नको घालूस त्यांना."